आधी कान, मग कपाट

अगं, फोनवर तू एका दमात विचारलंस, ‘ताई, जेथ्रो टल बँडची ती पुस्तकासारखी डीलक्स आवृत्ती घेऊ का? सगळे म्हणतायत आत्ता घेतली नाहीस तर पुन्हा मिळायची नाही.’ तेव्हा हो किंवा नाही म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण नवा पगार, नवं वेड आणि आपल्याआधी तीस वर्षं या वेडात पडलेली माणसं आजूबाजूला, असं सगळं एकत्र आलं की खिशाचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आज जरा निवांत बोलू. घे की नको हे मी सांगणार नाही, कसं ठरवायचं ते सांगते. म्हणजे पुढच्या वेळी तुझं तूच ठरवशील.

आधी दोन टोकांच्या माणसांपासून सावध राहा. एक म्हणतात, हा सगळा जुन्या गाण्यांवर नवा पैसा काढायचा धंदा आहे. दुसरे म्हणतात, हा खोका घरात नसेल तर तू चाहती कसली? दोघांचंही अर्धंच खरं. काही आवृत्त्यांमुळे पन्नास वर्षांपूर्वीचं संगीत खरोखर पहिल्यांदा नीट ऐकू आलं. काहींत पुठ्ठा जास्त आणि गाणं कमी. कोणती कुठली, हे ओळखायचं तर आत काय असतं ते कळायला हवं.

साधारण चार प्रकारचा माल असतो बघ. पहिला रिमास्टर, दुसरा रिमिक्स, तिसरा आधी कधीच न आलेलं ध्वनिमुद्रण, आणि चौथा कागद, फोटो, शोभेच्या वस्तू. चाहत्यांच्या निम्म्या वादांत पहिल्या दोन प्रकारांची सरमिसळ झालेली असते, म्हणून तेवढं नीट समजून घे. १९७१ साली स्टुडिओत गाणं मुद्रित व्हायचं ते मल्टिट्रॅक टेपवर. म्हणजे ड्रम एका पट्टीवर, बास दुसऱ्या, गळा तिसऱ्या, बासरी चौथ्या. मग या सगळ्या पट्ट्या एकत्र करून डाव्या-उजव्या कानासाठी दोनच पट्ट्यांची मास्टर टेप बनायची. आपण आयुष्यभर ऐकलेली एलपी, कॅसेट, सीडी, सगळी तिची लेकरं. रिमास्टर करणारा या शेवटच्या टेपवर काम करतो. रिमिक्स, म्हणजे नवं मिश्रण, करणारा थेट मूळ पट्ट्यांकडे जातो. आपल्या स्वयंपाकघरात सांगायचं तर रिमास्टर म्हणजे शिजलेल्या आमटीचं मीठ-तिखट वरून सारखं करणं, आणि रिमिक्स म्हणजे डाळ, चिंच, गूळ पुन्हा हाताशी घेऊन त्याच सामानाची आमटी नव्याने करणं. पहिल्यात चूक झाली तर चव थोडी बिघडते. दुसऱ्यात करणाऱ्याचा हात दिसतो, म्हणून तो हात कुणाचा हे बघावं लागतं.

टलच्या बाबतीत तो हात बहुतेक वेळा स्टीव्हन विल्सनचा असतो. हो, पॉर्क्युपाइन ट्री बँडवाला. डिसेंबर २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात येऊन वाजवून गेला, तोच. त्याच वर्षी त्याने किंग क्रिमसनच्या जुन्या अल्बमांचं नवं मिश्रण त्याच बँडच्या रॉबर्ट फ्रिपबरोबर करायला घेतलं होतं. ते काम लोकांना इतकं आवडलं की मग येस, जेथ्रो टल, जेंटल जायंट असे एकेक बँड त्याच्या दाराशी आले. त्याची पद्धत मला पटते. तो आधी मूळ मिश्रण समोर ठेवून ते जसंच्या तसं पुन्हा उभं करतो: कोणतं वाद्य डावीकडे, कुठे घुमारा किती, कुठे आवाज हळूहळू विरतो. ते जमल्यावर मगच धूळ पुसतो. ‘मला यात आज काय आवडलं असतं’ हा प्रश्न तो मधे आणत नाही. एखाद्या आवृत्तीवर नवं मिश्रण असं लिहिलेलं असेल तर पहिली चौकशी हीच कर: करणारा मुळाशी इमान राखणारा आहे की त्यात स्वतःची हौस भागवणारा?

आता ‘अ‍ॅक्वालंग’ घे. तुझा लाडका. १९७१ चा अल्बम, लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवर आयलंड कंपनीने नव्याच उघडलेल्या स्टुडिओत मुद्रित झालेला. ती इमारत आधी चर्च होती. टलच्या वाट्याला मोठं दालन आलं आणि त्याच दिवसांत लहान स्टुडिओत लेड झेपेलिन आपला चौथा अल्बम करत होते. त्या मोठ्या, थंड दालनात काम करणं टलला जड गेलं. अल्बम प्रचंड गाजला, पण त्याचा आवाज मात्र कायम गढूळ राहिला. गाणी थोर आणि ध्वनी मात्र घोंगडीखालून आल्यासारखा, ही तक्रार जुन्या चाहत्यांचीही होती. मग २०११ मध्ये, चाळीस वर्षांच्या निमित्ताने, विल्सनचं मिश्रण आलं आणि घोंगडी दूर झाली. ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ ऐकून बघ. हे गाणं एकत्र बसून वाजवताना जमत नव्हतं, म्हणून टलचा गायक-बासरीवादक इयन अँडरसनने आधी बास ड्रम आणि हाय-हॅट स्वतः वाजवून ठेवलं, त्यावर गिटार, आणि मग बाकीच्यांनी आपापले थर चढवले. सुरुवातीचा जॉन इव्हनचा पियानो वेगळाच मुद्रित करून जोडला. हे सगळं वाचून माहीत असतं आपल्याला. नव्या मिश्रणात ते थर कानाला एकेक करून सापडतात. पुनर्प्रकाशन कशासाठी असतं, तर यासाठी.

पण लगेच नाचू नकोस, गोष्ट पुढे आहे. २०११ च्या त्या सीडीचं मास्टरिंग काही जाणत्या कानांना टोचलं. मिश्रण छान, पण शेवटच्या टप्प्यात आवाज दाबून चढवलाय, अशी कुरकुर झाली. ती कुरकुर अगदीच पोकळ नव्हती. २०१६ मध्ये तोच अल्बम पुन्हा आला, या वेळी जाडजूड पुठ्ठ्याच्या पुस्तकात, दोन सीडी आणि दोन डीव्हीडींसह, आणि विल्सनचं मिश्रण अधिक मोकळेपणाने ऐकवत. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि एलपी असलेला भलामोठा महागडा खोका ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ म्हणून घेतला होता, त्यांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी असणार! यातून एवढंच लक्षात ठेव: ‘शेवटची संधी’ नावाची गोष्ट या बाजारात फार क्वचित खरी असते. गाजलेला अल्बम पुन्हा येतोच. चाळिसाव्या वर्षी येतो, पन्नासाव्या वर्षी येतो. खोका छापायचा थांबतो, जुन्या बाजारात त्याचे भाव चढतात, लोक हळहळतात, आणि मग तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या कपड्यांत स्वस्तात हजर होतं. घाई विकणाऱ्याला असते, गाण्याला नसते.

प्रत्येक अल्बमला नव्या मिश्रणाची सारखीच गरज असते असंही नाही. ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ मुळातच चांगला मुद्रित झालेला आहे. चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपासचं एकच सलग गाणं, एलपीच्या दोन बाजूंवर तोडून ठेवलेलं. तिथे २०१२ च्या नव्या मिश्रणाने फरक पडला, पण ‘अ‍ॅक्वालंग’इतका डोळे विस्फारणारा नाही. त्या आवृत्तीची खरी गंमत कागदात आहे. १९७२ ची मूळ एलपी एका खोट्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. बारा पानांचं गावठी इंग्रजी पत्र, त्यात स्थानिक बातम्या, खेळ, जाहिराती, शब्दकोडं, आणि जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या काल्पनिक पोराने लिहिलेल्या कवितेवरून झालेला गदारोळ. गाण्याचे शब्द त्या पोराचे, असं नाटक. त्या काळी सगळे बँड गंभीर चेहऱ्याने एकसूत्री अल्बम काढत होते, त्यांची ही टवाळी. संगीत मुद्रित करण्यापेक्षा ते वर्तमानपत्र तयार करायला जास्त वेळ लागला, असं बँडची मंडळीच सांगतात. मग सीडीचा जमाना आला आणि ते वर्तमानपत्र तळहाताएवढ्या पुस्तिकेत चेपलं गेलं. भिंग घेऊन वाचावं असं. अर्धा विनोदच नाहीसा झाला म्हण ना. तेव्हा पुस्तकाच्या रूपातल्या आवृत्तीत तो कागद पुन्हा वाचता येण्याजोगा झाला, ही मी चैन मानत नाही. तो त्या कलाकृतीचा अवयवच आहे.

याच्या उलट टोक बघायचं तर पिंक फ्लॉइडचे २०११ चे ‘इमर्शन’ खोके आठव. आतलं संगीत मोलाचंच होतं. ‘विश यू वर हिअर’च्या खोक्यात तर थोर व्हायोलिनवादक स्टेफान ग्राप्पेली यांनी वाजवलेला, पुसला गेला असं समजला गेलेला तुकडा सापडला. पण बरोबर काय काय होतं? ‘डार्क साइड’च्या खोक्यात काचेच्या गोट्या, गळ्यात घालायचा स्कार्फ आणि ग्लासाखाली ठेवायच्या चकत्या! जगभरच्या चाहत्यांनी त्या गोट्यांवर इतके विनोद केले की त्यांचाच एक खोका निघेल. गोट्या खेळायच्या असतील तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात गं. कागदाबद्दलची माझी कसोटी साधी आहे. तो वाचून गाणं जास्त कळतं का? कळत असेल तर किमतीत धर, नाहीतर तो फुकट आला असं समज आणि उरलेल्या मालावरून निर्णय घे.

आता तिसरा प्रकार, न आलेली गाणी. इथे मात्र आपण सगळे हळवे. ‘अ पॅशन प्ले’ची कथा तुला माहीत आहे का? १९७२ मध्ये टल पॅरिसजवळच्या शातो देरूव्हिल या जुन्या हवेलीतल्या स्टुडिओत नवा अल्बम करायला गेले. तिथे यंत्रांनी दगा दिला, अन्नातून विषबाधा झाली, मंडळी आजारी पडली, आणि बरंच काही मुद्रित झालेलं असूनही सगळं तिथेच सोडून ते इंग्लंडला परतले. बँडने स्वतःच त्या प्रकरणाचं नाव थट्टेने ‘शातो द-इझास्टर’ ठेवलं. परत आल्यावर नव्याने लिहायला घेतलं, त्यातून १९७३ चा ‘अ पॅशन प्ले’ झाला. सोडून दिलेल्यातली ‘स्केटिंग अवे’ आणि ‘ओन्ली सॉलिटेअर’ ही गाणी पुढे ‘वॉर चाइल्ड’मध्ये आली. उरलेलं बहुतेक वीस वर्षं कपाटात. १९९३ मध्ये ‘नाइटकॅप’ या संग्रहात त्यातलं बरंच बाहेर आलं, पण अँडरसनने त्यावर नव्याने बासरी वाजवून घातली. ऐकायला गोड, पण ते १९७२ राहिलं नाही. शेवटी २०१४ मध्ये ‘अ पॅशन प्ले’च्या मोठ्या आवृत्तीत विल्सनने ती हवेलीतली टेप बासरीच्या त्या नव्या थराशिवाय, जशी होती तशी मांडली. अर्धवट, खडबडीत, काही ठिकाणी गळ्याची जागा रिकामी. पण खरी.

अशा ठिकाणी मी म्हणेन, घे. कारण इथे तुला एखादं उरलेलं-सुरलेलं बोनस गाणं मिळत नाही, बँडच्या आयुष्यातला गाळलेला अख्खा अध्याय मिळतो. तो ऐकून ‘अ पॅशन प्ले’ इतका वाकडातिकडा का, समीक्षकांनी झोडपलेल्या त्या अल्बममागे किती दमछाक होती, हे कळतं. पण एका गाण्याचे पाच ‘टेक’, त्यातल्या तिसऱ्यात कुणीतरी खोकलंय, असा माल असेल तर स्वतःलाच विचार: हे मी दुसऱ्यांदा ऐकेन का? पहिल्यांदा सगळेच ऐकतात. खरी किंमत दुसऱ्यांदा ऐकण्याची.

मैफलींचंही तसंच. २०१७ च्या ‘साँग्ज फ्रॉम द वुड’च्या आवृत्तीत १९७७ ची अमेरिकेतल्या लँडोव्हरची मैफल आहे, चित्रफितीसकट. २०१८ च्या ‘हेवी हॉर्सेस’मध्ये १९७८ ची स्वित्झर्लंडमधल्या बर्नची. तुला मार्टिन बारची गिटार मोकळी सुटलेली ऐकायची असेल, बॅरिमोर बार्लोचे ड्रम ऐकून थक्क व्हायचं असेल, तर या दोन आवृत्त्या पैशाला जागतात. तिथे मूळ अल्बम हे निमित्त आणि मैफल हीच मुख्य गोष्ट, असं म्हटलंस तरी चालेल.

आणि पुस्तकातल्या बारीक अक्षरांकडे दुर्लक्ष करू नकोस. १९७९ च्या ‘स्टॉर्मवॉच’वर बासवादक जॉन ग्लॅसकॉक फक्त तीन गाण्यांत आहे. बाकी बास अँडरसनने स्वतः वाजवला, कारण ग्लॅसकॉक हृदयाच्या आजाराने खचत चालला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. वय अठ्ठावीस. कोणत्या गाण्यात कुणाचा हात आहे हे बघत तो अल्बम पुन्हा ऐक, नुसत्या श्रेयनामावलीने गाणं कसं बदलतं ते कळेल. स्ट्रीमिंगवर हे सगळं गळून जातं, आणि म्हणून मी कागदाच्या बाजूने इतकी बोलते.

बरं, आता कामाचं. पैसे टाकायच्या आधी काय करायचं?

विल्सनची बरीचशी नवी मिश्रणं स्ट्रीमिंगवर आहेत, नावापुढे तसं लिहिलेलं असतं. आधी तिथे ऐक. मूळ आणि नवं, एकच गाणं, एकामागोमाग. मात्र दोन्हींचा आवाज सारखा करून घे. हे फार महत्त्वाचं. आपल्या कानाची खोड अशी की जे किंचित मोठ्याने वाजतं तेच त्याला सरस वाटतं. निम्मे रिमास्टर याच खोडीवर विकले गेलेत. आवाज सारखा केल्यावरही नवं आवडलं तर ते खरंच आवडलंय. आणि एका बैठकीत निकाल लावू नकोस. पहिल्यांदा नव्याची चकाकी दिसते. आठवड्याने पुन्हा ऐकलंस की कळतं, चकाकी होती की उजेड.

मग घरात काय वाजवणार ते बघ. या आवृत्त्यांतल्या डीव्हीडींवर ५.१ सराउंड मिश्रण असतं, आणि विल्सनची खरी करामत बरेचदा तिथेच असते. पण त्यासाठी खोलीत पाच स्पीकर, एक सबवूफर आणि शेजाऱ्यांचा सोशिकपणा लागतो. तुझ्या भाड्याच्या खोलीत एक चांगला हेडफोन आहे आणि लॅपटॉपला डिस्क घालायची खाचही नाही. मग त्या डिस्कचे पैसे तू कशाचे देणार? ‘पुढे कधीतरी घेईन सिस्टिम’ हे उत्तर मला देऊ नकोस. पुढे कधीतरी सिस्टिम घेशील तेव्हा पुढे कधीतरी डिस्कही मिळेल. तोवर दोन सीडींची साधी आवृत्ती असेल तर ती बघ.

मूळ मिश्रण आत आहे का, हेही तपास. टलच्या पुस्तक-आवृत्त्यांचं मला हेच आवडतं. त्यांत बहुतेक वेळा जुनी मास्टर टेप हात न लावता, उच्च दर्जात उतरवून दिलेली असते. म्हणजे नवं पटलं नाही तरी जुनं हातचं जात नाही. जिथे जुनं हटवून फक्त नवं विकायला ठेवलंय, तिथे जरा सबुरीने घे.

आणि काही वेळा रिमिक्स नाही म्हणून बँडला शिव्या घालू नकोस. मल्टिट्रॅक टेपच हरवलेल्या असतात. जेंटल जायंटच्या पहिल्या तीन अल्बमांमधल्या ज्या गाण्यांच्या टेप सापडल्या, तेवढ्याच गाण्यांचं मिश्रण विल्सनने केलं आणि २०१७ मध्ये ‘थ्री पीस स्वीट’ म्हणून आलं. अख्खे अल्बम करायला टेपच नव्हत्या. त्या काळी हे संगीत पन्नास वर्षांनी कुणी ऐकेल असं कुणाला वाटलं होतं?

आता माणसांबद्दल. मला खरी काळजी त्याचीच आहे.

चाहत्यांच्या घोळक्यात तू सगळ्यात लहान आहेस आणि बहुतेक वेळा एकटीच मुलगी. कुणीतरी तुला विचारणारच, ‘मूळ ब्रिटिश प्रत ऐकली आहेस का? हिरव्या लेबलची?’ प्रश्नाच्या सुरावरून ओळख. माहिती द्यायला विचारतोय की परीक्षा घ्यायला. माहिती देणारा असेल तर जवळ बस, अशा माणसांकडून खूप शिकता येतं. परीक्षक असेल तर ‘नाही ऐकली, तुमच्याकडे असेल तर ऐकवा’ म्हण आणि गप्प राहा. बहुतेकांची प्रत सीलबंद असते. ती ऐकवायची म्हटलं की त्यांचा चेहरा बघ.

पण जुन्या माणसांना हसू नकोस. एखादे काका म्हणतील, ‘मला गढूळ अ‍ॅक्वालंगच बरा.’ तो त्यांनी कॉलेजच्या वयात, कुणाकडून तरी उतरवून घेतलेल्या कॅसेटवर ऐकलेला असतो. त्यांच्यासाठी तो गढूळपणा गाण्याचाच भाग झालाय. नवं मिश्रण ‘बरोबर’ आहे हे त्यांना पटवायला जाऊ नकोस. कान आणि आठवण यांचा खटला कुठल्याच कोर्टात निकाली निघत नाही. उलट त्यांना विचार, की तेव्हा तुम्हाला यात काय ऐकू आलं होतं? २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबरमध्ये टल आणि अनुष्का शंकर यांनी मुंबईत हल्लाग्रस्तांच्या मदतीसाठी मैफल केली. तिला गेलेलं कुणी भेटलं तर त्याला बोलतं कर. कुठल्याच खोक्यात न मिळणारं मिळेल.

‘पूर्ण संच’ हे प्रकरण मात्र फार फसवं आहे हं. पुस्तकांच्या पाठी एकसारख्या उंचीच्या, ओळीने मांडल्या की देखण्या दिसतात. एक जागा रिकामी राहिली की डोळ्यात खुपते. मग न आवडणारा अल्बमही आपण घेतो, का, तर ओळ पुरी व्हावी. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तुला सगळेच अल्बम आवडत असतील तर गोष्ट वेगळी, पण मनापासून सांग, ‘टू ओल्ड टू रॉक अँड रोल’ तू शेवटपर्यंत किती वेळा ऐकलास? रिकामी जागा राहू दे. तिथे दुसऱ्या कुणाचं काही ठेव.

पैशाचं स्पष्टच बोलते. महिन्याच्या पगारातून हौसेचा एक वाटा आधी बाजूला काढ आणि त्यातच भागव. क्रेडिट कार्डच्या हप्त्यावर गाणं घेऊ नकोस, हप्ता संपेपर्यंत गाण्याचा राग येतो. परदेशातून मागवणार असशील तर टपालखर्च आणि आयात शुल्क धरून मग किंमत मोज. संकेतस्थळावर दिसते ती अर्धीच कहाणी असते. आणि आईपासून किंमत लपवू नकोस. लेबल खरवडून काढावंसं वाटलं ना, की समज, आपल्या मनालाच हा खर्च पटलेला नाही. पटला असेल तर सरळ सांगशील. आई चार शब्द बोलेल, मग ‘लाव बघू काय आहे’ म्हणेल. ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ लावू नकोस म्हणजे झालं, ‘साँग्ज फ्रॉम द वुड’ लाव.

घेतल्यावर सांभाळायचं कसं, तेही ऐक. आपल्याकडच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी धरते. भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नकोस, मधे सिलिका जेलच्या पुड्या ठेव, आणि ऊन पडलं की बाहेर काढून वारा दे. डिस्क घट्ट खाचेत बसवलेल्या असतात, ओढून काढताना चरे पडतात. मधला भाग दाबून अलगद काढ.

शेवटी एक मोठी गोष्ट, आणि हेच माझं खरं सांगणं. पुनर्प्रकाशनं आपल्याला सतत मागे बघायला लावतात. पण इयन अँडरसन स्वतः काही १९७१ मध्ये राहत नाही. टलने २०२२ मध्ये ‘द झेलट जीन’ काढला, २०२३ मध्ये ‘रॉकफ्लूट’, २०२५ मध्ये ‘क्युरियस रुमिनंट’. तुझ्या त्या घोळक्यातल्या किती जणांनी ते पूर्ण ऐकलेत, एकदा विचारून बघ. जुन्याची पाचवी प्रत घेणाऱ्याने जिवंत माणसाचं नवं गाणं एकदाही ऐकलं नसेल, तर त्याचं प्रेम बँडवर आहे की स्वतःच्या तरुणपणावर? तू तर अजून तरुण आहेस, तुला ही सबब नाही. हौसेच्या पैशाचे दोन भाग कर. एक जुन्यासाठी, एक नव्यासाठी. तिकडचा नवा अल्बम असो की आपल्या गावात शंभर माणसांसमोर वाजवणारा एखादा पोरांचा बँड असो.

तर आता तूच लावून बघ. स्ट्रीमिंगवर दोन्ही ऐकलेस? आवाज सारखा करून? दुसऱ्यांदा ऐकशील असं आत काही आहे? ते वाजवायला घरात काही आहे? आईला किंमत सांगता येईल? पाचही उत्तरं ‘हो’ असतील तर माझी परवानगी कशाला हवी, आजच मागव. एखादं उत्तर ‘नाही’ आलं तर थांब. तो अल्बम कुठे जात नाही.

आणि घेतलीस तर त्याच संध्याकाळी सेलोफेन फाड. ‘उघडलं की किंमत उतरते’ म्हणणाऱ्यांना सांग, मी विकायला घेतलेलीच नाही. पुस्तकावर चहाचा डाग पडला तरी हरकत नाही, पानं वाचली गेली पाहिजेत. दोन आठवड्यांनी मला सगळ्या डिस्क उसन्या दे. मार्टिन बारचा कुठला सोलो सरस यावर मला तुझ्याशी भांडायचंय, आणि ‘ताई म्हणते म्हणून’ असं तू म्हणालीस तर मी ते भांडण जिंकलं असं धरणार नाही.